प्रेपची गोळी सुरू केली, त्या वर्षाची नोंद

जानेवारी २०२४मध्ये मी एचआयव्ही टाळण्याच्या गोळीबद्दल मराठीत काहीतरी शोधत होतो आणि हाती काही लागलं नाही. इंग्रजीत भरपूर होतं, पण ते सगळं लंडन-न्यूयॉर्ककडचं. पुण्यात केसपेपर कुठे काढायचा, आत गेल्यावर काय विचारतात, पैसे किती जातात, तीन जणांच्या खोलीत गोळ्यांची बाटली ठेवायची कुठे, हे सांगणारं कुणी नव्हतं. म्हणून लिहितोय. मी गे आहे. आता चोवीस वर्षांचा. मूळ गाव सोलापूर जिल्ह्यात, तालुक्याचं ठिकाण. नोकरी पुण्यात. घरी अजून सांगितलेलं नाही, त्यामुळे नाव देत नाही. बाकी जे झालं ते जसंच्या तसं.

प्रेप म्हणजे एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून आधीपासून घ्यायची गोळी. लागण झालेली नाही, पण होण्याची शक्यता आहे, अशांसाठी ती असते. ‘पेप’ वेगळं. ते संबंध येऊन गेल्यावर, ७२ तासांच्या आत, आणि जितक्या लवकर तितकं चांगलं, सुरू करून २८ दिवस घ्यायचं औषध. ही दोन नावं मी सुरुवातीला सारखी उलटसुलट वाचत होतो, म्हणून आधीच सांगून टाकतो.

माझ्या बाबतीत सगळं एका फोनपासून सुरू झालं. माझा एक मित्र, तेव्हा तेवीस वर्षांचा, चाकणला कंपनीत कामाला. २०२३च्या दिवाळीपर्यंत आम्ही एकमेकांना भेटत होतो. डिसेंबरभर त्याला ताप येत होता. एका डॉक्टरांनी टायफॉइड म्हणून औषध दिलं, दुसऱ्यांनी व्हायरल म्हणून. वजन उतरलं, तोंडात पांढरा थर आला. एवढ्या डॉक्टरांमध्ये ‘तुझे संबंध कुणाशी येतात’ हे त्याला एकानेही विचारलं नाही, आणि त्यानेही आपणहून सांगितलं नाही. जानेवारीत एकदाची तपासणी झाली, पॉझिटिव्ह आली. फोनवर तो इतकंच म्हणाला, “मी ठीक आहे. गोळ्या सुरू झाल्यात. तू पण तपासून घे, प्लीज.”

मी आधी खाजगी लॅबमध्ये गेलो, कारण तिथे प्रश्न विचारत नाहीत असं ऐकलं होतं. ५ फेब्रुवारीला रक्त दिलं, पाचशे रुपये भरले. प्रश्न खरंच विचारले नाहीत. संध्याकाळी काउंटरवरच्या माणसाने गर्दीत नाव पुकारलं आणि “एचआयव्हीचा रिपोर्ट ना?” असं म्हणत लिफाफा हातात दिला. निगेटिव्ह होता. लागण झाल्यापासून ती चाचणीत दिसेपर्यंत मध्ये काही आठवडे जातात, ज्याला विंडो पीरियड म्हणतात, त्याबद्दल चकार शब्द नाही. दिवाळीनंतरही माझे संबंध आले होते, त्यामुळे त्या कागदाचा मला अर्धाच उपयोग होता. चाचणीआधी समुपदेशन, माहिती देऊन घेतलेली संमती, निकालाची गुप्तता, हे सगळं एचआयव्ही-एड्स कायदा २०१७ने बंधनकारक केलंय, १० सप्टेंबर २०१८पासून तो लागू आहे, हे मला नंतर कळलं. तेव्हा माहीत असतं तर त्या काउंटरवर मी नीट बोललो असतो.

त्या रात्री १०९७ला फोन केला. राष्ट्रीय हेल्पलाइन, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. पलीकडच्या ताईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि जवळच्या सरकारी केंद्रात जायला सांगितलं. या केंद्राला सगळे आयसीटीसी म्हणतात. पाटीवर ‘एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र’ असं लिहिलेलं असतं. जिल्हा रुग्णालय, मेडिकल कॉलेज, महापालिकेची मोठी रुग्णालयं आणि बऱ्याच ग्रामीण रुग्णालयांत ते असतं. चाचणीला पैसे पडत नाहीत.

२० फेब्रुवारीला अर्धी रजा टाकून गेलो. आदल्या दिवशी शिवजयंतीची सुट्टी होती, त्यामुळे ओपीडी तुडुंब भरली होती. सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी जाऊ नका, ही पहिली सूचना. केसपेपरला दहा रुपये, रांग पाऊण तासाची. खिडकीवर “काय होतंय?” विचारलं की “आयसीटीसी” एवढंच म्हणायचं, पुढे कुणी खोदत नाही. आधार कार्ड माझ्याकडे मागितलं नाही. नाव, वय, पत्ता आणि मोबाइल नंबर लिहून घेतला.

समुपदेशक मॅडमची खोली लहान. टेबलावर एक मोठं आडवं रजिस्टर, बाजूला कंडोम लावून दाखवायचा लाकडी नमुना आणि कंडोमचा खोका. दार त्यांनी स्वतः उठून लावलं. मग प्रश्न. शिक्षण, काम, लग्न झालंय का, नाही, मैत्रीण आहे का. इथे मी थांबलो. तोंडाला कोरड पडली होती. रस्त्यात तयार केलेलं वाक्य मी खाली बघत म्हणून टाकलं, “माझे संबंध पुरुषांशी येतात.” मॅडमनी रजिस्टरमध्ये एका रकान्यात काहीतरी लिहिलं आणि त्याच सुरात पुढचं विचारलं, “कंडोम दर वेळी असतो का? आणि वंगण कुठलं वापरता?”

मला या प्रसंगाबद्दल जास्त लिहायचंय, कारण त्या वर्षातलं सगळं पुढचं या एका वाक्यावर उभं राहिलं. ‘मैत्रीण नाही’ एवढंच म्हणून मी उठलो असतो तर चाचणी झाली असती, निगेटिव्ह आली असती, आणि मी घरी गेलो असतो. वंगणाबद्दल कुणी बोललं नसतं, सिफिलिस या संबंधांतून पसरणाऱ्या आजाराच्या तपासणीबद्दल नाही, प्रेपबद्दल तर नाहीच. माझ्या मित्राचं महिनाभर तेच झालं होतं. आमच्यासाठी प्रतिबंधाची सोय या देशात आहे, पण तिचं दार उघडायला आपण कोण हे सांगावं लागतं, आणि सांगितल्यावर समोरचा माणूस कसा वागेल याची खात्री कुणी देत नाही. ३७७ कलमाचा निकाल ६ सप्टेंबर २०१८ला आला तेव्हा मी कॉलेजात होतो. कायद्याने आम्ही गुन्हेगार राहिलो नाही. तरी त्या खुर्चीत बसून हे वाक्य उच्चारायला मला किती जोर लावावा लागला ते मलाच माहीत.

मॅडमनी समजावलं ते असं. देशातल्या प्रौढांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण ०.२ टक्क्यांच्या आसपास आहे. पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांमध्ये २०२१च्या राष्ट्रीय पाहणीत ते ३.२६ टक्के निघालं. म्हणजे पंधरापटीहून जास्त. यात चारित्र्याचा संबंध नाही, हे त्यांनी मी न विचारता सांगितलं. गुदमार्गातलं अस्तर पातळ असतं, लवकर चिरतं, त्यामुळे तिथून विषाणू सहज शिरतो. आमचं वर्तुळ लहान, तेच तेच लोक एकमेकांना भेटतात, त्यामुळे एकाची लागण लवकर फिरते. आणि भीतीमुळे लोक तपासायला उशिरा येतात. तपासणीच नाही म्हणजे औषध नाही, आणि औषध नाही तोवर विषाणू पुढे जात राहतो. उलट औषध नियमित घेऊन ज्याच्या रक्तात विषाणू मोजण्याइतकाही उरत नाही, त्याच्याकडून संबंधांतून लागण होत नाही. हे ऐकून मला पहिल्यांदा माझ्या मित्राबद्दल हायसं वाटलं.

वंगणाबद्दल: खोबरेल तेल, व्हॅसलीन, बॉडी लोशन कंडोमबरोबर चालत नाही. तेलाने रबर कमकुवत होतं आणि कंडोम फाटतो. पाण्याचा आधार असलेलं जेल हवं. हे माझ्या ओळखीतल्या निम्म्या मुलांना ठाऊक नाही.

रक्त दंडातून घेतलं. निकाल त्याच दिवशी, बाहेरच्या बाकावर साधारण तासभर बसावं लागलं. माझ्या शेजारी पिशवीत फाइल घेऊन एक गरोदर बाई बसल्या होत्या, पलीकडे टीबीच्या उपचारातले एक आजोबा. या दोघांचीही एचआयव्ही चाचणी नेमाने होते, त्यामुळे त्या बाकावर बसलेल्याकडे बघून कुणाला काही कळत नाही. तुम्हाला कुणी बघेल म्हणून घाबरत असाल तर हे लक्षात असू द्या. निकाल मॅडमनी दार लावूनच सांगितला. निगेटिव्ह. तीन महिन्यांनी पुन्हा या, म्हणाल्या. पहिल्या एकाच किटवर कुणालाही पॉझिटिव्ह ठरवत नाहीत, वेगवेगळ्या तीन किटवर खात्री करतात, हेही त्यांनी सांगितलं.

“आणि प्रेप?” मी विचारलं. त्यांनी खरं ते सांगितलं. नॅकोची, म्हणजे केंद्र सरकारच्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेची, प्रेपबद्दलची मार्गदर्शक तत्त्वं २०२२मध्ये आली आहेत, पण त्यांच्या कपाटात ती गोळी नव्हती. बाहेर खाजगी डॉक्टरांकडून लिहून घ्यावी लागेल. निघताना त्यांनी माझ्यासारख्या मुलांबरोबर काम करणाऱ्या एका संस्थेच्या आउटरीच कार्यकर्त्याचा, म्हणजे मुलांना प्रत्यक्ष जाऊन भेटणाऱ्याचा, नंबर दिला.

मार्चमध्ये मी आधी माझ्या घराजवळच्या फिजिशियनकडे गेलो. ओळखीचे, तापासाठी नेहमी जायचो. प्रेप म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. “कंडोम वापर. आणि या सवयी सोड, वय आहे तोवर लग्न कर.” तीनशे रुपये घेतले, प्रिस्क्रिप्शनवर काहीही लिहिलं नाही. पायऱ्या उतरताना मला राग आला नव्हता, लाज वाटली होती. राग दोन दिवसांनी आला. तोवर मी हा विषय सोडून द्यायचं जवळजवळ ठरवलं होतं. आमच्यातली किती मुलं नेमक्या अशा पायऱ्यांवरून परत फिरली असतील, याचा हिशेब कुठल्याच पाहणीत येत नाही.

त्या आउटरीचवाल्या दादाला फोन केला म्हणून पुढे सरकलो. तो मला एका बस स्टॉपवर भेटला, चहा पाजला, कंडोम आणि जेलची पाकिटं दिली. वयाने माझ्याहून फार मोठा नाही. “डॉक्टर मी सांगतो त्यांच्याकडे जा. तिथे तुला काही समजावून सांगावं लागणार नाही.” महाराष्ट्रात अशा कामाला तीस वर्षांचा इतिहास आहे. मुंबईत हमसफर ट्रस्ट १९९४पासून आहे, पुण्यात समपथिक ट्रस्टने २००२पासून या विषयावर मराठीत काम केलं. तुमच्या जिल्ह्यात कोण काम करतं हे आयसीटीसीत किंवा १०९७वर कळतं.

१५ एप्रिलला त्या डॉक्टरांकडे गेलो. फी आठशे. त्यांनी आधी ताप, घसादुखी, अंगावर पुरळ असं गेल्या महिन्यात काही झालं का ते विचारलं. नवी लागण असेल तर तशी लक्षणं दिसू शकतात, आणि लागण झालेली असताना प्रेप सुरू केलं तर गोळीतली दोनच औषधं अपुरी पडून विषाणू त्यांना दाद देईनासा होतो. म्हणून आधी चौथ्या पिढीची, म्हणजे नवी लागण लवकर पकडणारी, एचआयव्ही चाचणी. बरोबर मूत्रपिंडांसाठी क्रिएटिनिन, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिससाठी व्हीडीआरएल, लघवीची तपासणी. सगळं मिळून दोन हजारांच्या थोडं वर गेलं. यातली एचआयव्ही आणि व्हीडीआरएल सरकारी रुग्णालयात फुकट होऊ शकते. मी नंतर तसंच केलं आणि बराच खर्च वाचला.

क्रिएटिनिन किंचित जास्त आलं. मी घाबरलो, डॉक्टरांनी विचारलं, “जिमला जातोस? क्रिएटिन घेतोस?” घेत होतो. ती पावडर दहा दिवस बंद करून परत रक्त दिलं, आकडा खाली आला. प्रेपच्या गोळीतलं टेनोफोविर हे औषध मूत्रपिंडातून बाहेर पडतं, म्हणून ते नीट चालू आहेत हे बघूनच गोळी देतात. जिमवाल्या मुलांनी हे डॉक्टरांना आधीच सांगावं. ऊठसूट वेदनाशामक गोळ्या घेण्याची सवय असेल तर तेही.

हिपॅटायटिस बी निगेटिव्ह होता, पण लहानपणी लस झालेली नव्हती, त्यामुळे ती सुरू केली: आज, एका महिन्याने, सहा महिन्यांनी. प्रेपची औषधं हिपॅटायटिस बीच्या विषाणूवरही चालतात. तो आजार असताना गोळी अधेमधे घेतली किंवा अचानक बंद केली तर यकृताला त्रास होऊ शकतो. त्यामुळे ही तपासणी गाळू नका.

२९ एप्रिलला रात्री जेवणानंतर पहिली गोळी घेतली. टेनोफोविर डिसोप्रॉक्सिल ३०० मिलिग्रॅम आणि एमट्रिसिटाबिन २०० मिलिग्रॅम, दोन्ही एकाच गोळीत. तीस गोळ्यांची बाटली मला दोन हजारांच्या आसपास पडली. मेडिकलवाल्याने मागवून दिली, दोन दिवस लागले. प्रिस्क्रिप्शन बघून तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला आणि मग बाटली खाकी पिशवीत घालून दिली. पुढच्या वेळेपासून संस्थेने सांगितलेल्या दुकानातून घेऊ लागलो, तिथे थोडी स्वस्तही मिळाली.

गोळी रोज घ्यायची की गरजेपुरती, यावर डॉक्टरांशी बराच वेळ बोललो. दुसऱ्या पद्धतीला दोन-एक-एक म्हणतात: संबंधांच्या आधी २ ते २४ तासांच्या दरम्यान दोन गोळ्या, त्या दोन घेतल्यापासून २४ तासांनी एक, आणखी २४ तासांनी एक. पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांवर फ्रान्स-कॅनडातल्या २०१५च्या अभ्यासात ती ८६ टक्के परिणामकारक ठरली. खर्च कमी, पण भेट आधी ठरलेली पाहिजे. माझ्या भेटी कधीच आधी ठरत नाहीत. कुणाची खोली रिकामी आहे हे तासभर आधी कळतं. म्हणून रोजची. रोजच्या गोळीबद्दलचा पहिला मोठा अभ्यास २०१०चा. त्यात एकूण लागण ४४ टक्क्यांनी कमी झाली, आणि ज्यांच्या रक्तात खरोखर औषध सापडलं त्यांच्यात ९० टक्क्यांहून अधिक. म्हणजे बाटली घरात असून भागत नाही, गोळी पोटात जावी लागते.

पहिले दोन-तीन आठवडे मळमळायचं, पोटात गुडगुड व्हायची. नंतर ते थांबलं. खरा त्रास बाटलीचा होता. प्लास्टिकची पांढरी बाटली, आत कापसाचा बोळा आणि ओलावा शोषणारी पुडी. उचलली की गोळ्या खुळखुळतात. आम्ही खोलीत तिघं, कपाट एक. मी आठवड्याच्या गोळ्या छोट्या डबीत काढून ऑफिसच्या बॅगेत ठेवू लागलो आणि त्यात जरासा कापूस घातला, म्हणजे आवाज येत नाही. बाकीच्या गोळ्या मूळ बाटलीतच, झाकण घट्ट लावून. मोबाइलवर रोज साडेनऊचा गजर, त्याला नाव दिलं ‘व्हिटॅमिन’. रूममेटने एकदा विचारलंच. मी “डॉक्टरांनी दिलीय, पोटाची आहे” म्हटलं. त्याला खोटं सांगणं मला आवडलं नाही, पण भाड्याची खोली गमावणं मला परवडणार नव्हतं.

महिन्याने एकदा आणि मग दर तीन महिन्यांनी एचआयव्हीची तपासणी करायची. ऑगस्टच्या फेरीत एचआयव्ही निगेटिव्ह, पण व्हीडीआरएल १:३२ आणि खात्रीसाठीची दुसरी चाचणी, टीपीएचए, पॉझिटिव्ह. सिफिलिस. मला काहीच झालेलं नव्हतं. जखम नाही, पुरळ नाही. प्रेप फक्त एचआयव्हीपासून वाचवतं, हे मला तोंडपाठ होतं, तरी तो कागद बघून माझे हात गार पडले.

उपचार सरकारी रुग्णालयातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये, म्हणजे लैंगिक आजारांच्या दवाखान्यात, फुकट झाला. आधी पेनिसिलिनची ॲलर्जी नाही ना हे बघायला हातावर टोचून अर्धा तास बसवलं. मग बेंझाथिन पेनिसिलिन २४ लाख युनिट, निम्मं एका नितंबात, निम्मं दुसऱ्यात. औषध दाट असतं, सिस्टरनी सावकाश दिलं, तरी पाय जड झाला. “गाडी चालवत जाऊ नकोस बाळा,” म्हणाल्या. बसने उभ्यानेच घरी आलो. त्या रात्री ताप आणि थंडी. जंतू मरताना पहिल्या दिवशी असं होऊ शकतं हे त्यांनी आधी सांगितलं होतं, म्हणून घाबरलो नाही. पॅरासिटामॉलवर उतरला. सहा महिन्यांनी व्हीडीआरएल १:४वर, म्हणजे बरंच खाली, आलं. टीपीएचए बहुतेकांचं आयुष्यभर पॉझिटिव्ह राहतं, त्यामुळे पुढे कधी कुणी ते बघून दचकलं तर जुने कागद दाखवता यावेत म्हणून जपून ठेवलेत.

जोडीदारांना कळवणं इंजेक्शनपेक्षा अवघड गेलं. मी मेसेज असा लिहिला: ‘माझी सिफिलिसची तपासणी पॉझिटिव्ह आली आहे. इंजेक्शनने पूर्ण बरं होतं. तूही रक्त तपासून घे, सरकारी रुग्णालयात सुरक्षा क्लिनिकमध्ये पैसे लागत नाहीत. सोबत हवी असेल तर मी येतो.’ एकाने लगेच ब्लॉक केलं. एकाने दुसऱ्या दिवशी फोन करून क्लिनिकची वेळ विचारली. मेसेज हवा असेल तर जसाच्या तसा घ्या.

मधल्या काळात ऑफिसात रक्तदान शिबिर झालं. सहकारी हाताला धरून नेत होते. २०१७च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांना आपल्याकडे रक्तदान कायमचं बंद आहे. मला तो नियम सरसकट वाटतो, पटत नाही. पण प्रेप चालू असताना रक्त द्यायचं नसतं हे वैद्यकीय कारण खरं आहे. “औषध चालू आहे” एवढं म्हणून सुटलो.

दिवाळीला गावी गेलो तेव्हा शाळेतला मित्र भेटला. आम्ही दोघं एकमेकांबद्दल दहावीपासून जाणतो. तो बावीस वर्षांचा, वडिलांच्या दुकानात बसतो. मुली बघणं सुरू झालंय. रात्री तलावाच्या बांधावर मी त्याला हे सगळं सांगितलं, पुण्यात सांगतो तसंच. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाला, “अरे, इथल्या दवाखान्यात समुपदेशनाला ज्या बसतात त्या माझ्या आत्याच्या शेजारच्या. त्यांनी कुणाला सांगितलं नाही तरी मी तिथे गेलो हेच सगळ्यांना कळतं. लॅबवाला बाबांचा गिऱ्हाईक.” सोलापूरला जायचं तर दुकानातून दिवसभराची सुट्टी, त्याचं कारण, एसटीचं भाडं. दोन हजारांची बाटली त्याच्या हातात येणाऱ्या पैशांत बसतच नाही. कुरिअर घरी आलं तर आई उघडते.

माझा पहिल्या वर्षाचा खर्च, गोळ्या-फी-तपासण्या धरून, तीस हजारांच्या आसपास गेला. माझा पगार आहे, म्हणून झेपलं. त्याचा धोका माझ्याहून कमी नाही. तो आहे ते ठिकाण वेगळं आहे, एवढाच फरक. कमीत कमी एचआयव्हीची औषधं देणाऱ्या सरकारी एआरटी केंद्रातून तरी ही गोळी फुकट मिळायला हवी, नाव न फुटता. जी औषधं लागण झाल्यावर सरकार जन्मभर फुकट देतं, त्यातलंच एक या गोळीत आहे.

सहा महिन्यांतून एकदा घ्यायच्या लेनाकापाविर इंजेक्शनबद्दल मी त्याला २०२५मध्ये कळवलं. २०२४च्या ज्या चाचणीत आमच्यासारखे पुरुष होते, त्यात इंजेक्शन घेणाऱ्या २,१७९ जणांपैकी फक्त दोघांना लागण झाली. हैदराबादच्या दोन कंपन्या, हेटेरो आणि डॉ. रेड्डीज, २०२७पासून ते वर्षाला सुमारे ४० डॉलरमध्ये देणार असल्याचं जाहीर झालंय. घरात बाटली नको, गजर नको. त्याचा एका शब्दाचा मेसेज आला, ‘कधी?’

तोवर त्याची निदान तपासणी तरी व्हावी म्हणून आम्ही ठरवलंय. दुकानाचा माल घ्यायला तो पुण्याला येतो, तेव्हा सकाळी आठपर्यंत माझ्याकडे पोचायचं. केसपेपरची खिडकी साडेआठला उघडते. एचआयव्ही आणि व्हीडीआरएल दोन्ही तिथेच. हिपॅटायटिस बीची लस त्याचीही राहिलीय, पहिला डोस त्याच दिवशी. दुसरा महिन्याने, पुढच्या मालाच्या फेरीला. मॅडमना मी आधी फोन करून ठेवणार आहे. खोलीत तो एकटाच जाईल, मी बाहेरच्या बाकावर बसेन. चार वाजताची एसटी आहे, दुकान बंद व्हायच्या आत तो घरी असतो.